तोबाजीनं विहिरी काहून विकल्या?

...अन् वरतून मिशा सफाचट! मिशा, हो! तुमाले सांगतो, बाकी सारं मी माफ केलं असतं. कोट घातला, घाल बाप्पा. काळ्या मोटारीतून उतरला, उतर. तोंडात चिरूट धरला, धर, कोणाच्या बापाचं काय जाते? पण मिशा काहून काढल्या त्याच्या? पयल्या भागात त्या मिशांतून पाणी गळे तं आमच्या दुकानातले पोट्टे टाळ्या पिटत, 'पेला रे पेला, तोबाजी पाणी पेला!' त्या मिशा! अन् दुसऱ्या भागात आला तं कसा, लग्नात नवरदेवाचा रुसलेला मामा येते ना, तसा! सफाचट, तेल लावून, कोणाकडे न पाहता! असा नव्हता हो आमचा तोबाजी!

आता तुमी म्हणसान, अक्षयभाऊ, हा तोबाजी कोण, तुमच्या सासरवाडीचा हाय काय? नाही हो. गेममधला हाय. कॉम्प्युटरवरच्या गेममधला! हासा, हासा. माही घरवाली प्रेरणा बी हासली होती, आता नाही हासत. आर्णीत माहूर रोडले माह्यं दुकान हाय, समोर झेरॉक्स अन् फोटो, मधात पडदा, अन् पडद्यामांगं पोट्ट्याइले गेम खेळाले कॉम्प्युटर. तिथं आला 'सेव्हन वेल्स' नावाचा गेम, आमी म्हणतो सात विहिरी. परदेशी हाय, पण मुलूख पाह्यला तं वाटे, उन्हाळ्यातलं आपलंच शिवार. दुष्काळ पडला, विहिरी बुजल्या, अन् हिरोनं त्या सात विहिरी शोधून गावाले पाणी पाजायचं. हिरो जवान, बंदूकवाला, खांदे दरवाजातून आत नाही जायचे एवढे... त्याचं नाव आजलोक कोणाले मालूम नाही! त्याच्याकडे पाहे कोण? सारे पाहत त्याच्यासंगं चालणाऱ्या म्हाताऱ्याले. टोबायस त्याचं नाव. आर्णीत आला अन् तोबाजी झाला.

काय माणूस होता! हातात काठी, संगं एक गधी. काठी जमिनीवर ठोके, कान देऊन ऐके, मान हालवे, पुढे चाले. पाणी लागलं का आधी गधीले पाजे, मंग हिरोले, अन् मंग आपण. तुमी हुशारी करून हिरोले आधी पाजाले गेले तं काठी आडवी धरे! खेळणारा चुकला, दरीत पडला, तं दुसऱ्या गेममधले लोकं कसे अंगावर खेकसतेत, हा हात देऊन उठवे अन् इंग्रजीत दोन शब्द बोले. त्याचा अर्थ दुकानात येणाऱ्या अभिषेकनं सांगतला, 'होते बाप्पा, होते.' हिरो झोपला का आपली घोंगडी त्याच्यावर टाके अन् आपण तसाच बसून राहे. अन् ती शेवटची विहीर... सातव्या विहिरीत ओंजळभरच पाणी निघते हो. गधीले पाजते, हिरोले पाजते, अन् म्हणते काय? 'मले तहान नाही.' खोटं बोलते! ओठ फाटले राह्यतेत त्याचे! दुकानातले एकूण एक पोट्टे रडले, समोरचे झेरॉक्सवाले गिऱ्हाईक पडदा सरकवून पाहाले आले, का बा आतमंधी कोण गेलं.

आता माह्यं खरं दुखणं ऐका. माह्ये वडील, नानाजी. आमचा बुढा. माही माय, इंदूबाई, गेली, तसा बुढा भिंतीकडे तोंड करून पडला. कापसाचं तं तुमाले मालूमच हाय त्या सालांचं, लाल्या आला, पऱ्हाटी उभ्या उभ्या लाल होऊन सुकली, पण त्याच्यासाठी बी तोंडातून एक शिवी नाही काढली त्यानं. अन् आमचा बुढा म्हणजे पयले पाऊस दुपारी आला तरी ढगाले शिव्या देणारा! जेव म्हनलं, जेवला. ऊठ म्हनलं, उठला. बोल म्हनलं... नाही. प्रेरणा म्हणे, 'अहो, त्याईले घरी एकटं नका ठेवू, दुकानात घेऊन जा, चार माणसं दिसतीन.' घेऊन आलो. पडद्यामांगं प्लास्टिकची खुर्ची टाकून देली. धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा, हातात काठी. अभिषेकची लहान बहीण गुंजन, चौथीतली पोट्टी पण जीभ वकिलाची, तिनं मान वळवली अन् अशी किंचाळली, 'अबे! तोबाजी बाहेर आला!'

मले वाटलं, झालं, बुढा आता उठून घरी जाते. बुढा म्हणे, 'कोण तोबाजी?' झालं ना मंग! त्या पोट्टीनं खुर्ची ओढत ओढत कॉम्प्युटरपुढं नेली, अन् 'हा पाहा, हे तुमी, अन् हे तुमची गधी.' बुढा पाहून राह्यला, पाहून राह्यला... दिवेलागणीपर्यंत पाह्यलं त्यानं. अन् मंग बोलला. माय गेल्यापासून आपल्या मनानं पयल्यांदा बोलला. काय बोलला? 'त्या गधीचं खोगीर ढिलं कर रे, पाठ लागली तिची.' घरी येऊन मी प्रेरणाले सांगतलं तं तिनं पोळपाट-लाटणं बाजूले ठेवलं अन् पदरानं डोळे पुसले. गधीच्या पाठीसाठी डोळे पुसणारी बाई मी पयल्यांदा पाह्यली.

त्या दिवसापासून बुढा तोबाजी. दुकानात शिरला का काठी ठोके, 'हाय काय रे पाणी?' पोट्टे एका सुरात, 'हाय, तोबाजी, हाय!' अन् पाण्याचा गिलास हजर. दोघं जण माऊससाठी भांडले का काठी आडवी. तांड्यावरचा पूनमसिंग गणितात गचकला, बाप मारन म्हणून दुकानात लपून बसला, तं बुढा त्याच्या डोक्यावर हात ठेवून, 'होते बाप्पा, होते,' अन् संगं जाऊन त्याच्या बापाले बी तेच सांगून आला. बाजारात भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हालवून आवाज दे, 'ओ तोबाजी, संभार घेऊन जा!' टोपी सोताच्या हातानं धुवे, मिशीले कैची लावे. डॉक्टरच्या गोळ्याइनं नाही झालं ते एका परदेशी म्हाताऱ्यानं केलं हो, जो जगात हायच नाही!

अन् मंग खबर आली, दुसरा भाग निघून राह्यला. नुसतं एक चित्र आलतं, जमिनीवर पडलेली काठी अन् टोपी, बस. पोट्टे येडे झाले. बुढा त्याइच्यापरिस येडा. रोज सकाळी दात घासता घासता, 'अक्षय, आला काय रे माह्या दुसरा भाग?' माह्या! जसा काही सोताच त्याच्यात काम करून आला. मी म्हणो, येईन, नानाजी, येईन. आला. अभिषेक पुण्याले इंजिनिअरिंग शिकते, तो पोळ्यासाठी आठवडाभर आधीच घरी आला तं संगं सीडी घेऊन आला. दुकानात पाय ठेवाले जागा नाही. नशीब पाहा, नेमका त्याच दिवशी बुढा प्रेरणासंगं वावरात गेलता, निंदन चालू होतं. पोट्टे म्हणे, थांबू त्याच्यासाठी. मी म्हनलं, लावा रे, तो आल्यावर पुन्हा पाहू. काय बुद्धी सुचली देवाले मालूम!

गेम चालू झाला. मोटार आली. दार उघडलं. चकचकीत बूट. गुंजन म्हणे, 'हा कोण सायेब?' अन् खाली नाव लिहून आलं. टोबायस. मंग तो बोलला, अभिषेक हळू आवाजात सांगून राह्यला, 'म्हणतोय... सातही विहिरी मी कंपनीला विकल्या. प्रत्येक गोष्टीची किंमत असते.' गावातले लोकं मोकळे हंडे घेऊन उभे, अन् हा चिरूट ओढून राह्यला! गधी? गधीचं नाव नाही! मेली का पळाली का कोणाले देली, एक शब्द नाही! अन् हिरो, ज्याच्यावर यानं घोंगडी टाकली होती, तो बंदूक काढते, तोबाजीच्या छातीवर धरते, अन् खाली मोठ्या अक्षरात येते, गोळी मारा. दुसरं बटनच नाही. पूनमसिंग 'याडी!' करून डोळ्यावर हात ठेवून बसला, मायले हाका मारून राह्यला बिचारा. अन् गुंजन उठली, माऊस आपटला, अन् बोलली, 'गद्दार!'

मी म्हनलं, अभिषेक, बाप्पा, हे काय आणलं तू? तो चष्मा वर करून, पुण्याहून आल्यापासून त्याची भाषा बी इस्त्री केलेली, 'अक्षयदादा, हे कॅरेक्टर डेव्हलपमेंट आहे. कुणीच पूर्ण चांगलं नसतं. लेखकांना प्रेक्षकांना धक्का द्यायचा होता.' अबे, धक्का द्याचा तं बैलगाडीले दे, चिखलात फसली तवा! म्हाताऱ्या माणसाले कायले धक्का देतं? 'पण दादा, माणूस बदलतो की नाही?' बदलते ना! माणूस बदलते, आमच्यासमोर बदलले! पण चालत चालत बदलते बाबू. आधी बोलणं कमी होते, मंग नजर चुकवते, मंग एखाद्या दिवशी येतच नाही. ते चार पावलं तं दाखव! पयल्या भागात 'मले तहान नाही' म्हणून झोपला अन् दुसऱ्या भागात उठला तं मिशा काढून विहिरी विकलेल्या? मधात काय झालं? का गेम बनवणाऱ्याइनं पयला भाग पाह्यलाच नाही? असा नव्हता हो आमचा तोबाजी!

अन् तेवढ्यात बाहेर काठी वाजली. बुढा! वावरातून सरळ दुकानात, पायाले चिखल, तोंडभर हासू, 'हाय काय रे पाणी?' कोणी 'हाय' म्हनलं नाही. पोट्टे एक एक करून चपला शोधाले लागले. गुंजन त्याच्या बाजूनं निघून गेली, वर पाह्यलंच नाही. बुढा माह्या तोंडाकडे पाहे. 'काय झालं रे? आला का नाही माह्या भाग?' मी काय सांगू? मी म्हनलं, 'नानाजी, सीडीत व्हायरस निघाला.' तो म्हणे, 'कोणता?' मी म्हनलं, 'हाय एक.' 'लाल्यासारखा?' 'तसाच समजा.' 'मंग दवाई मार ना! सकाळी वारं पडलं राह्यते तवा मार, अंगावर येत नाही!' अन् दुसऱ्या दिवशी पाहाटे उठून मले हालवते, 'ऊठ, वारं पडलं.' आता कॉम्प्युटरच्या व्हायरसले कोणतं वारं अन् कोणता पंप?

पण पोट्ट्याइचं येणं बंद झालं ना. जे येत ते बुढा दिसला का उलट्या पावली. दोघं-तिघं तं लांबूनच 'गद्दार, गद्दार' करून पळत, मी काठी घेऊन त्याइच्या मागं. लहान लेकरं हो, त्याइले काय समजते, त्याइच्यासाठी तोबाजी एकच, कॉम्प्युटरात असो का खुर्चीवर. भाजीवालीनं हाक मारली, 'तोबाजी, संभार!' तं पोट्टे फिदीफिदी हासले. बुढा सारं पाहे. एक दिवस माह्याजवळ खुर्ची ओढून बसला, हळूच म्हणे, 'अक्षय, मी काही बोललो काय रे त्याइले? म्हातारपणी तोंडातून निघून जाते एखांदं. तू सांग, मी माफी मांगतो.' लेकरांची माफी! अन् मी बैताड, 'नाही हो नानाजी, शाळेच्या परीक्षा हायत.' पोळ्याच्या दिवसात कोणत्या परीक्षा? त्यालेही समजलं, मलेही समजलं. दुसऱ्या दिवशी काठी कोपऱ्यातच राह्यली. बुढा भिंतीकडे तोंड करून झोपला, जेव म्हनलं तं जेवला, ऊठ म्हनलं तं उठला.

मले तं रडू कोसळे हो! एक माणूस मी कसाबसा परत आणलता, तो बी गेम बनवणाऱ्याइच्या एका सफाचट मिशीनं पुन्हा गेला. मी गुंजनच्या घरी गेलो. म्हनलं, बाई, दुसरा भाग जाऊ दे खड्ड्यात, चाल, पयलाच लावतो, जुना तोबाजी, मिशावाला, ये खेळाले. ती पोट्टी काय बोलली? 'नाही अक्षयकाका. आता तो घोंगडी टाकते ना, तवाबी मले वाटते, याले मालूम होतं, हा पुढे विकणार हाय.' घ्या! पुढचं तं नासवलंच, मागचं बी नासवलं! भांडंभर दूध नासलं तं फेकून देता येते, आठवण कुठं फेकाल? मी तिच्या मायनं देलेला चहा तसाच ठेवून घरी आलो. असा नव्हता हो आमचा तोबाजी!

पोळा आला. आता हे बी सांगतो, आमच्या दारी औंदा पोळ्याले बैल नव्हते. बुढ्यानं गेल्या वर्षी विकले. माय दवाखान्यात होती तवा विकले, कोणाले न विचारता, बाजारात घेऊन गेला अन् मोकळा दोर घेऊन आला. गावात लोकं बोलले, लोकं बोलतेतच. 'बुढ्यानं लक्ष्मी विकली.' आमच्या तोंडावर कोणी नाही बोललं, पण पोळ्याच्या तोरणाखाली बुढ्याले कोणी 'या' बी म्हनलं नाही. त्या दिवशी बुढ्यानं पुरणपोळीचा एक घास खाल्ला अन् ताट सरकवलं. प्रेरणा मले खुणा करे, बोला काही तरी.

अन् दुसरा दिवस करीचा. करीले आमच्याकडे मारबत काढतेत, म्हणजे एक पुतळा बनवायचा, गावातली सारी ईडापीडा त्याच्यावर लादायची, बोंबलत बोंबलत गावाबाहेर न्यायचा अन् जाळून टाकायचा. पोट्ट्याइचं कामच ते. आदल्या दिवशी गुंजन आमच्या घरी आलती, प्रेरणाले म्हणे, 'काकू, मारबतीसाठी जुनं धोतर हाय काय?' आमची बाई भोळी, तिले वाटलं, पोट्टी घरी आली, रुसवा गेला! पेटीतून नानाजीचं जुनं धोतर काढलं, अन् वरतून करंजी बी देली हातावर! मले विचारलं नाही, काही नाही!

सकाळी रस्त्यानं आवाज आला. 'लाल्या, मावा, बोंडअळी घेऊन जा गे मारबत! खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!' मी दारात उभा. पुतळा वळणावर आला. धोतर. टोपी. हातात काठी. अन् कापसाच्या मिशा! दुसऱ्या भागातला सफाचट गद्दार जाळाले निघाले, पण बनवला तं पयल्या भागातलाच, त्याइच्या हाताले दुसरा येतच नव्हता! अन् गुंजन सगळ्यात पुढे, गळ्याच्या शिरा ताणून, 'गद्दार तोबाजी घेऊन जा गे मारबत!' अन् माह्या मागून कोणीतरी मले बाजूले सरकवलं. बुढा. आवाज ऐकून उठला होता.

तो पायऱ्या उतरला, पुतळ्यापुढं जाऊन उभा राह्यला. एक तोबाजी बांबूवर, एक तोबाजी जमिनीवर. बुढ्यानं धोतराचा काठ हातात धरला, तिथं मायनं शिवलेलं ठिगळ होतं. म्हणे, 'हे तं माह्यं हाय.' मंग गुंजनकडे पाह्यलं. 'काय केलं म्या, बाई?' अन् ती वकीलीण, जिची जीभ कधी थांबत नाही, ती ढसाढसा रडाले लागली ना! 'तुमी नाही हो! त्यानं! त्या गेममधल्यानं! साऱ्या विहिरी विकल्या त्यानं!'

मले वाटलं, आता संपलं, आता हा भिंतीकडे तोंड करन तो उठणारच नाही. बुढा म्हणे, 'कायले विकल्या?'

गुंजन नाक पुसत, 'मालूम नाही.'

'त्याले विचारलं नाही कोणी?'

'विचारता येत नाही ना. गोळी मारता येते.'

बुढा तिच्याकडे पाहून राह्यला, मंग साऱ्या पोट्ट्याइकडे, मंग दारात उभे असलेल्या आजूबाजूच्या लोकाइकडे. म्हणे, 'म्या बैल विकले तवा मले बी कोणी नाही विचारलं.' बस, एवढंच. रागानं नाही, रडून नाही, भाव सांगावा तसं सांगतलं. मंग गुंजनचा हात धरला. 'चाल, दाखव मले तो. अक्षय, किल्ली आण.'

निघाली ना वरात! मारबत बांबूसकट दुकानाबाहेर खुर्चीवर बसवली, गाव सोडून मारबत दुकानात बसलेली तुमी कुठं पाह्यली काय? आत सारे पोट्टे कॉम्प्युटरपुढं. मी गेम लावला. मोटार आली, बूट आले, सफाचट तोंड आलं. बुढ्यानं जवळून पाह्यलं. 'वाळला बिचारा,' म्हणे. वाळला! तो चांगला गोटमोट, अन् बुढ्याले वाळलेला दिसला! बंदूक आली. अक्षरं आली, गोळी मारा. बुढ्यानं माऊसवर आपला पंजा ठेवला, दाबला नाही, नुसता झाकला. 'कोणी हात लावायचा नाही. सांगन तो. सांगाले टाइम लागते माणसाले.'

आता ते दोघं समोरासमोर उभे. हिरो बंदूक धरून, तोबाजी चिरूट धरून. कोणी बटन दाबत नाही तं गेम पुढे जात नाही! थोड्या वेळानं तोबाजीनं मान खाली घातली, एक श्वास सोडला, पाय बदलला. पूनमसिंग ओरडला, 'पाहा, लाजला!' अभिषेक लगेच, 'अरे, लाजला नाही, ती आयडल अॅनिमेशन आहे. कुणी काही दाबलं नाही की कॅरेक्टर आपोआप श्वास घेतं, मान हलवतं. त्याला काही अर्थ नसतो.' बुढा त्याच्याकडे न पाहता म्हणे, 'मी बी घरी तेवढंच करून राह्यलो होतो बाप्पा. त्यालेही अर्थ नव्हता काय?' अभिषेकनं चष्मा काढला, पुसला, अन् पोट्ट्याइच्या मधात खाली मांडी घालून बसला.

मंग पोट्टे बोलाले लागले. 'त्याची गधी बिमार पडली असंन.' 'कंपनीवाल्याइनं त्याले डांबून ठेवलं असंन, मिशा बी त्याइनंच काढल्या!' 'त्याच्या घरी कोणी असंन दवाखान्यात.' हे गुंजन बोलली. अन् बुढा म्हणे, 'असंन.' थांबला. अन् मंग, हो, मी समोर झेरॉक्सच्या मशीनपाशी उभा होतो, मले वाटलं गेमचंच सांगून राह्यला. 'ती म्हणत होती, बैल विकू नका, मी बरी होतो आपल्या मनानं. म्या तिले सांगतलंच नाही. बैल घरीच हायत म्हणून सांगे, चारा टाकून आलो म्हणून सांगे. ती विचारे, पांढऱ्यानं खाल्लं काय? मी म्हणो, खाल्लं. बैल बी गेले अन् ती बी नाही राह्यली.' माह्या मायबद्दल हो! मी त्याचा पोरगा, एका घरात राहतो, मले एका शब्दानं नाही सांगतलं, अन् गेमपुढं बसून चौथीतल्या पोट्टीले सांगून राह्यला! अन् त्या पोट्टीनं काय करावं? बुढ्याच्या मिशीवरून हात फिरवला अन् म्हणे, 'होते बाप्पा, होते.' मी मशीनचं झाकण उघडून उगाच आत पाहत राह्यलो. कागद अडकला नव्हता.

तवापासून हे असंच चालू हाय. रोज! शाळा सुटली का पोट्टे येतेत, बुढा सकाळपासूनच बसून राह्यते. लाइट गेली का गेम बंद, लाइट आली का पुन्हा पयल्यापासून मोटार, बूट, बंदूक, अन् मंग साऱ्याइनं गप बसून तोबाजीच्या तोंडाकडे पाहाचं, का बा आज सांगते काय. माह्या धंद्याचा सत्यानाश! एकच चांगला कॉम्प्युटर हाय, तो अडकला. मी म्हनलं, 'नानाजी, तो नाही बोलणार. लिहिणाऱ्याइनं त्याले पुढचा शब्दच नाही देला.' बुढा म्हणे, 'मंग आपण थांबू. आपल्याले कुठं जायचं हाय?' अन् बोलणं काही थांबत नाही, पोट्टे आपापल्या घरचं सांगतेत, बुढा आपलं सांगते, परवा तं भाजीवाली बी येऊन बसली अन् तिच्या वावराचं सांगून गेली. सारी आर्णी बोलून राह्यली, फक्त तोबाजी बोलत नाही.

आता मी शिकलेला माणूस, कॉम्प्युटरचा डिप्लोमा हाय माह्याजवळ, मले मालूम हाय ना, ते चित्र हाय, त्याच्यात जीव नाही, ते काय बोलणार? कालची गोष्ट. समोर गिऱ्हाईक उभं, लग्नाच्या पत्रिकेचं काम, घाई त्याले, अन् पडद्यामांगून गुंजन किंचाळली, 'अक्षयकाका! त्याचे ओठ हालले!' अन् हातातलं काम टाकून, गिऱ्हाइकाले तसंच उभं ठेवून, त्या खुर्च्या ओलांडत सगळ्यात आधी कोण धावलं? मीच धावलो ना हो!